घरी राहण्याचे दिवस
(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



मंडळाच्या चिटणीसांनी मला आरोग्यावर चार शब्द बोलण्याची आज्ञा केली. चाळीस वर्षे वैद्यकी केलेल्या मनुष्याने अशा प्रसंगी उपदेश करावा, अशी अपेक्षा असते. तथापि आज मी उपदेशाऐवजी माझी स्वतःची एक चूक आपणांपुढे मांडणार आहे.

काही वर्षांपूर्वी माझ्या भाचीचे डोहाळजेवण होते. मामाच्या घरची मंडळी नाहीत असे डोहाळजेवण आपल्यांत शोभत नाही, हे मी सांगावयास नको. त्याच्या बरोबर चौदा दिवस आधी माझ्या नातवाच्या बाकावरील मुलाला कांजिण्या निघाल्या होत्या. शाळेची चिठ्ठी आली होती. ती मी वाचली होती. नातवाला लस टोचून घ्यावयाची राहून गेली होती. परंतु पोर हसतेखेळते, अंगावर पुरळ नाही, ताप नाही. आणि बहिणीला काय वाटेल! आम्ही गेलो. फुलांनी सजविलेल्या झोपाळ्यावर तो भाचीच्या शेजारी अर्धा तास बसून होता. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच्या पोटावर पाण्याने भरलेले फोड दिसले.

मी तत्काळ बहिणीला कळविले. तेव्हा भाचीला लहानपणी कांजिण्या येऊन गेल्या होत्या की नाही, हा प्रश्न निघाला. 'गेल्या असतीलच' असे सर्वांचे मत पडले. संपर्कानंतर दहा दिवसांच्या आत, आणि जितके लवकर तितके बरे, अशा स्त्रीला प्रतिपिंडांचे इंजेक्शन देता येते. रक्त तपासून खात्री करून घेता येते. त्या एका 'असतीलच'वर आम्ही ते दिवस दवडले. पंधराव्या दिवशी तिच्या अंगावर फोड उठले, पाठोपाठ खोकला आणि धाप. गरोदर स्त्रीच्या कांजिण्या कधी कधी फुप्फुसांत उतरतात. ती रुग्णालयात होती त्या काळात माझ्या बहिणीने मला एकही कठोर शब्द ऐकविला नाही, आणि तेच मला सर्वांत जड गेले. ईश्वरकृपेने मायलेकरू दोन्ही सुखरूप राहिली.

माझी चूक कोठे झाली? पुरळ दिसला म्हणजे आजार सुरू झाला, असे डोळ्यांनी ठरविण्यात झाली. कांजिण्यांचा विषाणू पुरळ उठण्याच्या एक-दोन दिवस आधीपासून श्वासावाटे पसरू लागतो आणि शेवटच्या फोडावर खपली धरेपर्यंत पसरतच राहतो. यास साधारणतः पाच ते सात दिवस लागतात. संपर्कापासून पुरळापर्यंत १० ते २१ दिवस जातात, बहुधा १४ ते १६. म्हणून ज्याला पूर्वी कांजिण्या आलेल्या नाहीत व ज्याने लसही घेतलेली नाही, त्याने संपर्काच्या आठव्या दिवसापासून एकविसाव्या दिवसापर्यंत गर्भवती, नवजात बालके आणि अशक्त रुग्ण यांच्या घरी पाऊल टाकू नये. माझा नातू चौदाव्या दिवशी गेला. हिशेब मला येत होता. मी तो केला नाही.

गोवराचीही हीच रीत. पुरळाच्या आधी चार दिवस आणि नंतर चार दिवस तो पसरतो, आणि रुग्ण खोलीतून निघून गेल्यावरही दोन तासांपर्यंत विषाणू हवेत राहू शकतो. २०२२ साली मुंबईत त्याची साथ आली, तेव्हा लस राहून गेलेली बालकेच अधिक सापडली. फ्लूचे म्हणाल, तर औषध न घेता पूर्ण एक दिवस ताप न आल्याखेरीज बाहेर पडू नये. गोळी घेऊन उतरविलेला ताप हा उतरलेला ताप नव्हे. लग्नघरी जाण्यापूर्वी अशी गोळी घेणारे सद्गृहस्थ याही सभेत असतील. मी त्यांच्याकडे पाहत नाही.

आपल्या पूर्वजांना विषाणू ठाऊक नव्हता. परंतु घरात देवी, गोवर वा कांजिण्या आल्या की दाराला कडुनिंबाचा डहाळा लागे. तो पाहून पाहुणा उंबऱ्यावरूनच परत फिरे आणि त्यात कोणाचाही अपमान होत नसे. १९७५ च्या मे महिन्यानंतर भारतात देवीचा रुग्ण आढळला नाही. हळूहळू तो डहाळाही दारावरून गेला. त्याबरोबर न येण्याची ती मुभाही गेली, याचे मला वाईट वाटते. २०२० साली आपण सर्वजण विलगीकरणाचे दिवस बोटांवर मोजत होतो. ती सवय इतक्या लवकर मोडेल असे वाटले नव्हते.

कार्यकारी मंडळास माझी एक विनंती आहे. पुढील निमंत्रणपत्रिकेत 'सहकुटुंब उपस्थित राहावे' या शब्दांखाली, घरात ताप अथवा पुरळ असल्यास किंवा तसा संपर्क झालेला असल्यास न येण्याबद्दल कोणीही राग धरणार नाही, असे एक वाक्य छापावे. ज्येष्ठ मंडळींनी, विशेषतः मामा, आत्या आणि विहीण या पदांवरील मंडळींनी, ते पाळावे.

माझी भाची आज या सभागृहात नाही. तिच्या धाकट्या मुलीला परवापासून ताप आहे. काल तिचा फोन आला, "मामा, आम्ही येत नाही, आईला तुम्हीच सांगा." मी बहिणीला सांगितले. ती तेथे तिसऱ्या रांगेत बसली आहे, आणि लेकीसाठी लाडवांचा डबा तिने आधीच बांधून घेतला आहे.