मागच्या बाकावरच्या बाई
(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



आयोजकांनी मला 'संगणक क्षेत्रातील संधी' हा विषय दिला होता. तो मी भांडून बदलून घेतला. त्या संधींची माहिती आपल्यापेक्षा आपल्या मुलांना जास्त आहे. मला आज पाठवाल्या बाईंबद्दल बोलायचं आहे.

आठवतात ना? गणपती झाले की एखाद्या सोमवारी बी.एड.च्या कॉलेजातून सात-आठ जण यायचे. एका काखेत गुंडाळफळा, दुसऱ्या हातात तक्ते, कडक इस्त्रीची साडी, आणि पर्समध्ये रंगीत खडूंची पेटी. आपल्याला ते खडू बघूनच आनंद व्हायचा, कारण शाळेचा खडू पांढरा आणि तोही अर्धा. मागच्या बाकावर कॉलेजचे प्राध्यापक निरीक्षणाची वही उघडून बसायचे आणि पाठ सुरू व्हायचा. "मुलांनो, सकाळी उठल्यावर तुम्ही काय पिता?" चहा. "चहात काय घालता?" साखर. "साखर कशापासून तयार होते?" ऊस. "शाब्बास! तर आज आपण महाराष्ट्रातील पिके हा घटक अभ्यासणार आहोत." आमच्या वर्गातला एक जण 'काय पिता' याला दरवेळी 'दूध' म्हणायचा आणि पाठवाल्या बाईंचा चेहरा पडायचा. दुधापासून उसापर्यंत जायला रस्ता नव्हता.

त्या प्रश्नांना प्रस्तावना म्हणतात, त्यानंतर हेतुकथन, मग विषयप्रतिपादन, संकलन, उपयोजन. हर्बार्ट नावाच्या जर्मन तत्त्वज्ञाच्या विचारांवरून त्याच्या शिष्यांनी एकोणिसाव्या शतकात या पायऱ्या बसवल्या, आणि त्या आपल्या पाठ टाचणाच्या वह्यांत येऊन राहिल्या. हे मला अलीकडे कळलं. आपल्याच तुकडीतली एक मैत्रीण आज याच शाळेत गणित शिकवते. तिने मला हेही सांगितलं की वर्गावर येण्याआधी या मंडळींचे कॉलेजात सूक्ष्म पाठ होतात. एका वेळी एकच कौशल्य घ्यायचं, म्हणजे प्रश्न विचारणं किंवा फलकलेखन किंवा कथन. सहा मिनिटं शिकवायचं, सहा मिनिटं चर्चा, बारा मिनिटं पुन्हा तयारी, सहा मिनिटं पुन्हा शिकवायचं, पुन्हा सहा मिनिटं चर्चा. एकूण ३६ मिनिटं. समोर विद्यार्थी म्हणून बसतात ते वर्गमित्रच. बावीस-तेवीस वर्षांची माणसं सहावीतली मुलं होऊन आज्ञाधारकपणे 'चहा' म्हणतात. दूध कोणी म्हणत नाही. अडचण तिथेच आहे.

आता सातवी अ मधला एक तास सांगते. साल १९९२. पूर्णांक संख्यांचा गुणाकार चालला होता. पाठवाल्या बाई तयारीच्या होत्या, तक्ता सुंदर होता. धन गुणिले ऋण झालं, आणि तक्त्याच्या शेवटच्या ओळीवर त्या आल्या: ऋण गुणिले ऋण बरोबर धन. तेव्हा खिडकीजवळच्या रांगेतून एकाने विचारलं, "का?" तो कोण ते सांगत नाही, तो इथे बसला आहे आणि आता वकील आहे. बाई म्हणाल्या, "तसा नियम आहे." तो म्हणाला, "पण का?" वर्गात खुसखुस सुरू झाली. बाईंनी तक्त्याकडे पाहिलं, टाचणाकडे पाहिलं. टाचणात हा प्रश्न नव्हता. खडू बोटांत फिरायला लागला.

त्या दिवशी कॉलेजचे प्राध्यापक आलेले नव्हते. मागच्या बाकावर आपल्या गणिताच्या बाई बसल्या होत्या. त्या उठून पुढे येतील, खडू हातात घेतील आणि दोन मिनिटांत आम्हाला गप्प करतील याची सगळ्यांना खात्री होती. त्या उठल्या नाहीत. त्यांनी हात वर केला. आमच्यासारखा, कोपर बाकावर टेकवून. पाठवाल्या बाईंनी घाबरतच "बोला" म्हटलं, आणि आपल्या बाई म्हणाल्या, "बाई, मला ऋण तीन गुणिले दोन समजलं. ऋण तीन गुणिले एकही समजलं. ऋण तीन गुणिले शून्य समजलं. पुढे काय लिहायचं ते कळत नाहीये. एकाखाली एक लिहून दाखवता का?"

पाठवाल्या बाई फळ्याकडे वळल्या. ऋण सहा. त्याखाली ऋण तीन. त्याखाली शून्य. आणि तिथे त्या थांबल्या, कारण त्यांना स्वतःलाच दिसलं. प्रत्येक ओळीला उत्तर तिनाने वाढत होतं. दोन, एक, शून्य यानंतर गुणक ऋण एक, तर उत्तर धन तीनच यायला हवं, नाहीतर रांग मोडते. त्या वळल्या आणि वकिलाला म्हणाल्या, "आता तू सांग, पुढची ओळ काय?" त्याने सांगितली. पुढचा अर्धा तास कोणाचं तक्त्याकडे लक्ष गेलं नाही.

मी तेव्हा मॉनिटर होते. वह्यांचा गठ्ठा ठेवायला शिक्षकखोलीत गेले तर तिथे दोघी होत्या. वर्गात 'बाई, तुम्ही' म्हणणाऱ्या आपल्या बाई तिथे 'अगं, तू' वर आल्या होत्या. "बस आधी. पाणी पी." पाठवाल्या बाई रडवेल्या होत्या. "मॅडम, मी अडकले." बाई म्हणाल्या, "अडकलीस, मग सुटलीसही. कुठे सुटलीस ते सांग." त्या थोडा विचार करून म्हणाल्या, "शून्यापाशी." "मग उद्या सातवी ब वर तिथूनच सुरू कर. तक्ता नेऊ नकोस." आवाज बारीक होता, पाठ मुलांकडे होती, हेतुकथन राहिलं होतं, यातलं काहीही बाईंनी त्या दिवशी काढलं नाही.

या भाषणाच्या आधी मी बाईंना फोन केला. तो तास त्यांना अजिबात आठवत नव्हता! इतके पाठ, इतकी वर्षं, कुठले आठवणार. पण त्यांच्या स्वतःच्या सराव पाठाचा एक दिवस त्यांना लख्ख आठवत होता. भागाकार शिकवताना त्या चुकल्या, आणि त्या शाळेतल्या मार्गदर्शक शिक्षकांनी मागून येऊन त्यांच्या हातातला खडू काढून घेतला. मुलांसमोर. उरलेला तास त्या दाराशी उभ्या होत्या. "त्यानंतर त्या वर्गाने माझं काही ऐकलं नाही गं," बाई म्हणाल्या. "उदाहरण सुटलं, पण शिक्षिका गेली."

मी गेली काही वर्षं नव्या इंजिनिअरांना कामाला लावते. आमच्याकडे नवीन मुलाने लिहिलेला कोड कोणीतरी तपासल्याशिवाय पुढे जात नाही. काही तपासणारे एका वेळी चाळीस शेरे मारतात. सगळे बरोबर असतात, आणि मुलगा संध्याकाळी नोकरी बदलायचा विचार करत घरी जातो. मी एका वेळी एक मोठी गोष्ट काढते, ती कुठून शिकले ते आता तुम्हाला कळलं. पण दोन्हीकडचं काम सारखं आहे असं मी म्हणणार नाही. आमच्याकडे चूक मागे घेता येते, जुना कोड परत लावता येतो. वर्गातली पस्तीस मिनिटं मागे घेता येत नाहीत. म्हणून "आमच्या पोरांवर प्रयोग कशाला?" असं एखादे पालक विचारतात तेव्हा मला ते मूर्ख वाटत नाहीत. त्यांना द्यायचं एकच उत्तर आहे: मागच्या बाकावर कोणीतरी बसलेलं आहे.

आज ते खरं आहे का, हे बघायला मी ऑगस्टमध्ये एक दिवस मैत्रिणीच्या वर्गात बसले. आपल्या वेळी बी.एड. एका वर्षाचं होतं. २०१४ च्या नियमांनी ते दोन वर्षांचं झालं आणि शाळेतली आंतरवासिता पहिल्या वर्षी चार आणि दुसऱ्या वर्षी सोळा, अशी वीस आठवड्यांची झाली. २०२० च्या शैक्षणिक धोरणाने तर २०३० पर्यंत चार वर्षांचा एकात्मिक अभ्यासक्रम ही किमान पात्रता करायचं म्हटलं आहे. म्हणजे ही मुलं आता पाहुण्यासारखी पाठ घेऊन जात नाहीत, राहतात.

मैत्रिणीकडे आलेला मुलगा पहिला आठवडा फक्त मागे बसला. पण 'निरीक्षण कर' असं मोघम न सांगता तिने त्याच्या हातात घड्याळ दिलं. म्हणाली, मी प्रश्न विचारल्यावर उत्तरासाठी किती सेकंद थांबते ते लिही. मेरी बड रो नावाच्या अमेरिकन संशोधिकेने १९७० च्या दशकात हे मोजलं होतं. शिक्षक साधारण एक सेकंद थांबतात, आणि तीन सेकंद थांबले तर मुलांची उत्तरं लांब आणि बरी येतात. त्या मुलाने वही आणून दाखवली. एक, एक, दोन, एक. ही आपली मैत्रीण, वीस वर्षं शिकवलेली! ती हसली, आणि दुसऱ्या दिवशी दोघांनी मिळून तीन सेकंद थांबायचा सराव केला. मी बसले होते त्या तासाला तो प्रश्न विचारून थांबला, मनात आकडे मोजताना त्याचे ओठ हलत होते, आणि तिसऱ्या आकड्याला एका अगदी गप्प मुलीने हात वर केला. तिचं उत्तर चुकलं. तरी तिने तासात आणखी दोनदा हात वर केला.

पण हे सगळं ती कधी करते? मधल्या सुट्टीत, डबा खाता खाता. तिच्या वेळापत्रकात या मुलाशी बोलायला एकही तासिका नाही. मोकळ्या तासाला यू-डायसची माहिती भरायची, पोषण आहाराच्या नोंदी, निवडणुकीचं काम आलं तर ते. मग अनेक शाळांत काय होतं ते तिने मला सांगितलं. प्रशिक्षणार्थी आले की ते ऑफ तासावर पाठवायला फुकटचं माणूस होतात, आणि वर्गशिक्षक संगणकासमोर. मागचा बाक रिकामा. शिक्षक आळशी आहेत म्हणून नव्हे. आपणच त्यांना तिथे बसायला वेळ ठेवलेला नाही.

आणि आता मी ज्यासाठी विषय बदलून घेतला ते. आपल्या तुकडीच्या निधीतून डिजिटल फळा घ्यायचं ठरत आहे. दोन वर्ग सोडून अजून एक आधीच आहे, त्यावर परवा मुलांच्या दप्तरांची सावली पडलेली पाहिली. माझी सूचना वेगळी आहे. चार मार्गदर्शक शिक्षकांना आठवड्यातून एकेक तासिका मोकळी मिळाली तर सोळा आठवड्यांत ६४ तासिका होतात. त्या वेळात त्यांचे वर्ग निवृत्त शिक्षकांनी घ्यायचे, आणि शाळेच्या रीतीप्रमाणे तासिका तत्त्वावर त्यांचं मानधन आपल्या निधीतून द्यायचं. मी मुख्याध्यापकांशी बोलले. ते 'हो' म्हणाले नाहीत, पण 'लेखी द्या' म्हणाले, आणि ज्याने सरकारी कार्यालयात एकदा तरी अर्ज केला आहे त्याला त्यातला फरक कळेल. डिजिटल फळ्याच्या बाजूने बोलणाऱ्यांनी जेवणाआधी माझ्याशी जरूर भांडावं.

चहाच्या टेबलावर एक वही ठेवली आहे. निवृत्त सरांनी आणि बाईंनी आपला विषय आणि जमणारे वार त्यात लिहायचे आहेत. पहिल्या पानावर एक नाव आधीच आहे: गणित, मंगळवार आणि गुरुवार, फक्त दुपारचं सत्र. सकाळी बाईंचा गुडघ्यांचा व्यायाम असतो.