गुणांचें माप कोणाच्या हातीं?

(शेतकरी व कारागीर पालकांच्या सभेंत केलेलें भाषण)



कांहीं दिवसांपूर्वीं आम्ही एका सुतारबाबांच्या घरीं गेलों होतों. त्यांची लेक कॉलेजांत दुसऱ्या वर्षाला आहे. बाबांनीं पेटींतून दोन कागद काढले, आमच्या पुढें ठेवले व विचारलें, "दादा, ह्या कागदावर दहापैकीं साडेसहा लिहिलें आहे. पोर पास कीं नापास? आणि ह्या दुसऱ्यावर 'एफ' आहे, तो कशाचा?" ज्या माणसाची चौकट सूतभरहि चुकत नाहीं, त्याला आपल्या पोरीची मेहनत कोणत्या गजानें मोजली हें कळूं नये, याचें आम्हांस फार वाईट वाटलें. म्हणून आज दुसरें कांहीं न बोलतां ह्या गजाविषयींच बोलावयाचें आहे.

पूर्वीं शंभरांत किती, एवढें विचारलें कीं काम भागे. 2015 सालापासून विद्यापीठ अनुदान आयोगाच्या सांगण्यावरून ठिकठिकाणीं क्रेडिटची रीत आली. तींत दहा पायऱ्यांची शिडी आहे. सर्वांत वर 'ओ', त्याचे 10; मग 'ए प्लस' 9, 'ए' 8, 'बी प्लस' 7, 'बी' 6, 'सी' 5, आणि जेमतेम पास तो 'पी', त्याचे 4. 'एफ' म्हणजे नापास, त्याला शून्य. क्रेडिट म्हणजे त्या विषयाचें वजन. आठवड्याला एक तास शिकवणें सेमिस्टरभर झालें कीं ढोबळ मानानें एक क्रेडिट धरतात.

आतां हिशेब पाहा. तुमचा चार क्विंटल कांदा 6 रुपये किलोनें गेला व दोन क्विंटल 9 रुपयांनीं गेला, तर सरासरी भाव साडेसात पडतो काय? नाहीं, सातच पडतो. कारण स्वस्तांत गेलेला माल जास्त. तसेंच चार क्रेडिटच्या विषयांत 6 व दोन क्रेडिटच्या विषयांत 9 मिळाले, तर चोवीस आणि अठरा मिळून बेचाळीस, त्यास सहानें भागलें कीं 7. एवढाच तो मोठा मंत्र! पोरानें हलक्या विषयांत कितीहि वर उडी मारली तरी जड विषय त्यास खालीं ओढतो, हें आईबापांनीं ध्यानांत ठेवावें. आणखी एक गोष्ट. कोठें ठराविक गुणांना ठराविक श्रेणी देतात, तर कोठें वर्गांतल्या इतर मुलांच्या मानानें श्रेणी लावतात. पहिलें धान्य मापानें मोजण्यासारखें, दुसरें शर्यतींतल्या बैलांचे नंबर लावण्यासारखें. आपल्या कॉलेजांत कोणती चाल आहे, तें आधीं विचारावें.

सुतारबाबांच्या कागदाकडे पुन्हां वळूं. पोर लेखी पेपरांत चांगली पास होती. 'एफ' आला तो अंतर्गत गुणांत. निबंधवही द्यावयाची तारीख कॉलेजांत फळ्यावर लागली, तेव्हां ती आईबरोबर कांदे काढण्याच्या मजुरीवर होती. वही गेली नाहीं, शून्य पडलें. आणि त्या कॉलेजांत लेखी व अंतर्गत अशा दोहोंत वेगळें पास व्हावें लागतें. आम्हीं नियमांची चोपडी मागवून वाचली. दुसऱ्यांदा वही देण्याची सोय तींत होती, पण अर्जाची मुदत चार दिवसांपूर्वीं संपली होती! ही सोय पोरीला कोणी सांगितली नाहीं, आणि तिनें विचारली नाहीं. एका वहीपायीं सहा महिने गेले.

मंडळी, इतिहास थोडा पाहूं. मुंबई विद्यापीठ 1857 सालीं लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर निघालें. पुढें 1882 सालीं हंटर आयोगापुढें जोतीराव फुले यांनीं जें निवेदन दिलें, त्यांत प्राथमिक शिक्षणाची मागणी होती हें सर्वांस ठाऊक आहे. पण त्यांतच परीक्षेविषयींहि एक मागणी होती, ती फारसें कोणी सांगत नाहीं. घरीं अभ्यास करणाऱ्यांस प्रवेश परीक्षेला बसतां येतें, तशीच मोकळीक विद्यापीठानें वरच्या परीक्षांनाहि द्यावी, असें त्यांनीं म्हटलें. ज्याच्या खिशांत कॉलेजची फी नाहीं, त्याच्या डोक्यांत विद्या असेल तर परीक्षेनें ती मोजावी, एवढा सरळ तो विचार होता.

लेखी परीक्षेचा एक मोठा उपकार आहे. तेथें उत्तरपत्रिकेवर नांव नसतें, आडनांव नसतें, गांव नसतो; फक्त बैठक क्रमांक असतो. तपासणाऱ्यास वही न्हाव्याच्या पोराची कीं देशमुखाच्या, हें कळत नाहीं. अंतर्गत गुणांत व तोंडी परीक्षेंत मात्र मोजणारा व मोजला जाणारा समोरासमोर असतात. नांव, बोली, अंगावरचे कपडे, सर्व दिसतें. 2007 सालीं प्राध्यापक सुखदेव थोरात यांच्या समितीनें दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेची चौकशी केली. अनुसूचित जाति-जमातींच्या बहुसंख्य विद्यार्थ्यांनीं समितीला सांगितलें कीं, प्रात्यक्षिक व तोंडी परीक्षेंत आपल्याला न्याय मिळत नाहीं. देशांतल्या पहिल्या प्रतीच्या संस्थेंतली ही तक्रार, मग आडगांवच्या कॉलेजांत काय होत असेल?

म्हणून अंतर्गत गुण बंदच करावे काय? आम्ही तसें म्हणत नाहीं. तीन तासांत वर्षाचा हिशेब लावणें हाहि अन्यायच. त्या दिवशीं ताप आला, एस्टी चुकली, कीं वर्ष बुडालें. शिवाय जो पोरगा हातानें काम उत्तम करतो पण लिहितांना अडखळतो, त्याचा गुण कागदावर उतरतच नाहीं. आमच्या कारागीर घरांत अशीं मुलें पुष्कळ. 2020 च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानेंहि वर्षभर चालणारें मूल्यमापन वाढवावें असें म्हटलें आहे. तें चांगलेंच, पण मग वर्षभरांतल्या प्रत्येक मापाचा हिशेब उघडा पाहिजे.

आणि लेखी परीक्षा निर्दोष आहे असेंहि कोणी समजूं नये. 1913 सालीं अमेरिकेंत स्टार्च व एलियट या दोन प्राध्यापकांनीं भूमितीची एकच उत्तरपत्रिका शंभराहून अधिक शिक्षकांकडून तपासून घेतली. एकानें तीसहून कमी गुण दिले, तर दुसऱ्यानें नव्वदहून जास्त! भूमितीसारख्या विषयाची ही गत. तेव्हां ज्या पोराला एका तपासनिसानें नापास केलें, तो मठ्ठच, असें आईबापांनीं लगेच मानूं नये. यंत्र आणलें म्हणूनहि सर्व सुधारत नाहीं. 2017 सालीं मुंबई विद्यापीठानें उत्तरपत्रिका संगणकाच्या पडद्यावर तपासण्याची रीत घाईनें आणली. निकाल महिनोन्‌महिने रखडले, मुलांचे पुढचे प्रवेश अडले, आणि शेवटीं त्याच वर्षीं ऑक्टोबरांत राज्यपालांनीं कुलगुरूंना पदावरून दूर केलें.

मग उपाय काय? बाजारांत वजनकांटा खोटा वाटला तर तुम्ही गप्प बसतां काय? पुन्हां तोलून मागतां. तीच चाल येथें ठेवा. पहिली गोष्ट, वर्ष सुरू होतांच मुलाकडून नियमांचा कागद आणवा: लेखीला किती, अंतर्गतला किती, वेगळें पास व्हावें लागतें काय, हुकलेली चाचणी पुन्हां देतां येते काय. दुसरी, वही दिल्याची पोंच व अंतर्गत गुण निकालाआधीं मागून घ्या; नंतरची रड कोणी ऐकत नाहीं. तिसरी, निकालाबद्दल शंका असेल तर मुदतींत फेरतपासणीचा अर्ज करा; ही मुदत थोड्या दिवसांची असते. चौथी, तपासलेली वही डोळ्यांनीं पाहा. 9 ऑगस्ट 2011 रोजीं सर्वोच्च न्यायालयानें निर्णय दिला कीं, माहिती अधिकार कायद्याखालीं विद्यार्थ्याला आपली तपासलेली उत्तरपत्रिका पाहण्याचा हक्क आहे. फेरतपासणीचा हक्क त्या कायद्यानें मिळत नाहीं, तपासनिसाचें नांवहि मिळणार नाहीं. पण वही पाहतां येते.

कॉलेजांकडे आमचें मागणें असें: कोणत्या कामाला किती गुण हें आधीं लिहून लावा, तोंडी परीक्षेला एकाऐवजीं दोघे बसवा, अंतर्गत वह्याहि नांव झांकून तपासा, तारखा फळ्यावर लावून न थांबतां मुलांच्या फोनवर धाडा. यांत पैका फारसा लागत नाहीं.

आम्ही कोणासाठींहि फुकटचे गुण मागत नाहीं. चुकलें असेल तर कापा. पण कोठें चुकलें तें दाखवा. सुतारबाबांची लेक पुढच्या खेपेला पुन्हां बसणार आहे. ह्या वेळीं निबंधवहीची तारीख बाबांनीं खडूनें दाराच्या मागें लिहून ठेवली आहे, आणि नियमांची चोपडी त्यांच्या हत्यारांच्या पेटींत, गजाशेजारीं आहे. तुम्हींहि ती आपल्या घरीं आणून ठेवावी, एवढें सांगून आम्ही आपली रजा घेतों.