मुक्या जीवाचा वियोग आणि श्रावकधर्म

(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानाची संहिता)



सूर्यास्तापूर्वी भोजन आटोपण्याची शिस्त पाळणाऱ्या घरात मांजराचीही वेळ ठरलेली असते. अमरावतीच्या सक्करसाथेतील जुना वाडा असो की अकोल्यातील नवी सदनिका, सायंकाळची पाने वाढली जाऊ लागली की मनी स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी येऊन बसते. गृहिणी आधी तिच्या वाटीत दूध ओतते आणि मग स्वतः पानावर बसते. दहा-बारा वर्षांचा हा परिपाठ एके दिवशी थांबतो. दुसऱ्या दिवशीही हात सवयीने वाटीकडे जातो आणि तेथेच थबकतो. घरातील कोणी काही बोलत नाही. कर्ता पुरुष वर्तमानपत्र तोंडासमोर धरतो, आजी जपमाळ हाती घेते. लहान मूल मात्र विचारते, “मनी कुठे गेली?”

या मौनाच्या मुळाशी संकोच असतो. माणूस गेला तर दुकान बंद राहते, उठावणा होतो, चार लोक धीर देतात. मांजर गेले तर ‘मांजरच तर होते!’ एवढ्यावर विषय संपतो. समाजाची मान्यता नसलेल्या अशा शोकाचा विचार केनेथ डोका या अमेरिकन अभ्यासकाने १९८९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथातून मांडला. वास्तविक हा जिव्हाळा फार प्राचीन आहे. सायप्रस बेटावर सुमारे साडेनऊ हजार वर्षांपूर्वीच्या दफनस्थळी मनुष्याच्या शेजारीच मांजर पुरलेले आढळले. हे संशोधन २००४ मध्ये प्रसिद्ध झाले. इजिप्तमध्ये घरातील मांजर मेले की त्या घरातील माणसे भुवया काढून टाकीत, असे ग्रीक इतिहासकार हेरोडोटसने लिहून ठेवले आहे.

जैन घरात मात्र या संकोचाला आणखी एक पदर असतो. मांजर हा शिकारी प्राणी. उपजीविकेसाठी हिंसक प्राणी पोसणे हे श्रावकाचारात ‘असतीपोष’ म्हणून पंधरा निषिद्ध व्यवसायांत गणले आहे. वऱ्हाडातील धान्याची वखार असो वा कापडाची पेढी, उंदीर ठाणे कुरतडतात म्हणून मांजर ठेवण्याची रीत जुनीच आहे. तेथे उंदीर मांजर मारते, परंतु मारविण्याचा हेतू मालकाचा असतो. कृत, कारित आणि अनुमोदित या तिन्ही प्रकारांनी हिंसा घडते, हे विसरता येत नाही. मांजराच्या शरीराला टॉरिन नावाचे द्रव्य आहारातूनच मिळावे लागते; ते नुसत्या दूध-पोळीतून पुरेसे मिळत नाही. म्हणूनच हौसेखातर मांजर आणण्यापूर्वी श्रावकाने दहा वेळा विचार करावा. परंतु पावसात भिजलेले, आईपासून तुटलेले पिल्लू दाराशी आले आणि त्याला आसरा दिला, तर ते अभयदान होय. त्याचा लोभ जडला म्हणून लाजण्याचे कारण नाही.

आगमदृष्टीने मांजर हा संज्ञी पंचेंद्रिय तिर्यंच जीव आहे. त्याला मन आहे. उत्तरपुराणातील कथेनुसार भगवान महावीरांचा जीव एका पूर्वभवात सिंह होता आणि मुनींच्या उपदेशाने त्याने व्रते स्वीकारली. वादीभसिंहसूरींच्या ‘क्षत्रचूडामणी’त जीवंधरकुमार मारहाणीने मरणासन्न झालेल्या कुत्र्याला पंचनमस्कार मंत्र ऐकवतो आणि तो जीव यक्षगतीत जातो. कुत्रा वाचत नाही, हे येथे ध्यानी घेण्याजोगे आहे. कुमार मृत्यू टाळू शकत नाही. तो अखेरच्या क्षणी जवळ बसतो, एवढेच.

खरी कसोटी याच काळात लागते. उतारवयात अनेक मांजरांची मूत्रपिंडे निकामी होतात. ते अन्न सोडते, कोपऱ्यात दडून बसते. अशा वेळी घरगुती उपाय करू नयेत. माणसाची पॅरासिटामॉलची एक गोळीदेखील मांजराचा जीव घेऊ शकते. जवळच्या पशुवैद्याकडे न्यावे. अकोल्यात पदव्युत्तर पशुवैद्यक संस्था आहे, तिचाही आधार घेता येतो. कधी वैद्य कायमच्या झोपेचे इंजेक्शन सुचवितात. तेव्हा घरात दोन मते होतात. एकाला वेदना पाहवत नाहीत, दुसऱ्याला प्राणहरण मान्य होत नाही. दोघांच्याही मनात करुणाच असते, हे परस्परांनी जाणावे. पांजरपोळांच्या परंपरेने दाखविलेला मार्ग असा की प्रथम वेदनाशमनाचे उपचार मागावेत, शांत जागा द्यावी, घेईल तेवढे पाणी द्यावे आणि शेवटपर्यंत सेवा करावी. शेजारी बसून णमोकार मंत्र म्हणावा.

तत्त्वार्थसूत्रानुसार देह सोडलेला जीव चार समयांच्या आत नव्या जन्मस्थानी पोहोचतो, आणि ‘समय’ म्हणजे तर काळाचा अविभाज्य अंश. डोळ्याचे पाते लवण्यापूर्वीच तो गेलेला असतो. त्यामुळे त्याच्यासाठी जे करावयाचे ते श्वास चालू असतानाच करावे लागते. त्यानंतर जे उरते, ते मागे राहिलेल्यांचे स्वतःचे परिणाम सांभाळणे होय. प्रिय वस्तूच्या वियोगाचे अखंड चिंतन हे इष्टवियोगज आर्तध्यान, आणि आर्तध्यान तिर्यंचगतीचे कारण सांगितले आहे. मांजरासाठी झुरताना मनुष्याने तीच गती स्वतःसाठी बांधावी, हे योग्य नव्हे. तथापि दोन अश्रू आले म्हणजे लगेच आर्तध्यान होत नाही. अश्रू वाहू द्यावेत आणि मग अनित्य भावनेचा आधार घ्यावा.

मुलांना ‘मनी झोपली’ किंवा ‘दूर गेली’ असे सांगू नये. मूल मग झोपेलाच भिते किंवा दाराशी वाट पाहत राहते. ‘तिचे शरीर थांबले, ती आता परत येणार नाही’ असे स्पष्ट सांगावे. अंत्यविधी साधाच असावा: किडामुंगी व हिरवळ नसलेली जागा यत्नाचारपूर्वक निवडून, कुत्र्यांनी उकरू नये इतक्या खोल पुरावे. मुलालाही सोबत न्यावे.

‘हे आधी लक्षात आले असते तर’ ही टोचणी पुष्कळ दिवस राहते. तिच्यासाठी प्रतिक्रमणाइतके उत्तम औषध नाही. चौऱ्याऐंशी लक्ष योनींतील जीवांची क्षमा मागताना तिर्यंच पंचेंद्रियांच्या चार लक्ष योनीही येतात. वर्षानुवर्षे मुखोद्गत असलेला तो पाठ त्या दिवशी प्रथमच एका ओळखीच्या जीवासाठी म्हटला जातो आणि त्याचा अर्थ कळतो.

आणि ती वाटी? ती माळ्यावर टाकू नये. वैशाखात अमरावती-अकोल्याचा पारा ४५ अंशांपर्यंत चढतो, तेव्हा तीच वाटी रोज स्वच्छ करून, गाळलेल्या पाण्याने भरून अंगणात सावलीत ठेवावी. कोणते तरी अनोळखी मांजर येईल, एखादी चिमणी येईल. एका जीवापुरता असलेला मोह अशाच मार्गाने सर्व जीवांविषयीच्या मैत्रीत परिणत होतो. सायंकाळी सवयीने वाटीकडे जाणाऱ्या हाताला मग थबकावे लागत नाही.

जय जिनेंद्र!