दिवसाचा शीण आणि घराचा उंबरठा
(संस्थेच्या वार्षिक स्नेहसंमेलनात केलेले भाषण)



कार्यकारी मंडळाने आम्हांस चार शब्द बोलण्याची आज्ञा केली, याबद्दल आम्ही ऋणी आहोत. आमचे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे आणि आयुष्य गेले खडू-फळ्याच्या सहवासात. तेव्हा मनाच्या ताणावर बोलण्याचा आमचा अधिकार एवढाच, की तो आम्ही पुष्कळ वर्षे घरी वाहून आणला.

आमची नोकरी सरण्यास आठ वर्षे उरली असता कन्या दिवाळीस माहेरी आली होती. बोलता बोलता ती हसून म्हणाली, "बाबा, अंगणात तुमच्या सायकलचा स्टँड जोरात आपटला, की आम्ही भावंडे पुस्तकात डोके खुपसून बसत असू." सर्वजण हसले, आम्हीही हसलो. परंतु त्या रात्री आमचा डोळ्यास डोळा लागला नाही. वर्गात आम्ही इतरांच्या मुलांशी गोड बोलत होतो आणि दिवसाचा सारा कडवटपणा स्वतःच्या मुलांच्या पानात वाढत होतो!

ताण ही केवळ मनाची कल्पना नव्हे. हान्स सेलिए या शास्त्रज्ञाने १९३६ साली या विषयावर आपला पहिला लेख प्रसिद्ध केला. बाहेरचा भार वाढला की शरीर लढण्यास सिद्ध होते, छाती धडधडते, श्वास उथळ होतो, स्नायू आवळले जातात. पुढे याच सेलिएने असेही प्रतिपादिले की, सर्वच ताण घातक नसतो. काही ताण मनुष्यास कार्यास लावतो. म्हणजे प्रश्न आहे तो ताणास वाट कोणती द्यावयाची, हा.

याचे उदाहरण आपल्याच इतिहासात आहे. लोकमान्य टिळकांस १९०८ साली सहा वर्षांची शिक्षा झाली आणि त्यांची रवानगी मंडालेस करण्यात आली. तेथे १९१०-११ च्या हिवाळ्यात त्यांनी शिसपेनीने 'गीतारहस्य' लिहून काढले. १९१२ साली पत्नीच्या निधनाची वार्ता त्यांस तुरुंगातच ऐकावी लागली. ग्रंथलेखनाने त्यांचे दुःख नाहीसे झाले, असे म्हणण्याचे धाडस आम्ही करणार नाही. परंतु कोठडीतला दिवस त्यांनी रिकामा जाऊ दिला नाही, एवढे खास.

आपण सामान्य माणसे. आम्ही आपले लहानसे तीन नियम केले. पहिला, दारात सायकल हळू लावावी, हातपाय धुवावेत आणि ओसरीवर बसून दहा संथ श्वास घ्यावेत. सोडलेला श्वास घेतलेल्यापेक्षा लांब असावा. दुसरा, मनास जे टोचत असेल ते वहीत एका वाक्यात लिहावे आणि त्यापुढे 'आपल्या हातचे' किंवा 'आपल्या हातचे नव्हे' असा शेरा मारावा. तिसरा, जेवताना प्रत्येकाने त्या दिवसाची एक चांगली गोष्ट सांगावी, मग ती कितीही क्षुल्लक असो. शेवटच्या बाकावरील एका मुलास अपूर्णांकांची बेरीज प्रथमच साधली, ही आमची पहिल्या दिवसाची गोष्ट. आमच्या सौभाग्यवतींनी ती दोनदा सांगावयास लावली.

ही सवय चटकन लागली असे मात्र नाही. कित्येकदा स्टँड पुन्हा आपटला. लंडनमधील संशोधकांनी २०१० साली ९६ व्यक्तींचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात नवी सवय अंगवळणी पडण्यास साधारण ६६ दिवस लागल्याचे आढळले. कोणास १८ दिवस पुरे झाले, तर कोणास २५४ लागतील असा अंदाज निघाला. मधला एखादा दिवस चुकल्याने मोठी हानी झाली नाही, हेही दिसले. चुकलो म्हणून खचू नये, एवढा बोध आम्ही त्यातून घेतला.

एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. कर्ज, आजारपण, मुलीच्या लग्नाची विवंचना ही दहा श्वासांनी फिटत नाहीत. त्यांचा उपाय ज्याचा त्यालाच करावा लागतो. आठवडेच्या आठवडे झोप येत नसेल, जगणे नकोसे वाटत असेल, तर वैद्यकीय सल्ला घेण्यात लाज कसली? केंद्र सरकारने २०२२ साली सुरू केलेल्या 'टेली मानस' सेवेचा १४४१६ हा क्रमांक प्रत्येक घरी लिहून ठेवावा.

आमच्या मुलांचे ते बालपण आम्ही परत आणू शकत नाही, ही खंत आहेच. आज नातू मात्र सायकलची घंटा ऐकताच दारापर्यंत धावत येतो आणि स्वतःची गोष्ट आधी सांगतो. आजच्या गुणगौरवात ज्यांची नावे आली आणि ज्यांची येऊ शकली नाहीत, त्या सर्व मुलांच्या पालकांस आमची हात जोडून विनंती आहे: आज घरी पोहोचल्यावर उंबरठ्याबाहेर क्षणभर थांबा आणि मग आत पाऊल टाका.