मायबाप सरकारला लिहिताना

(कोंढा, ता. पवनी, जि. भंडारा इथे बायांच्या मेळाव्यात झालेल्या भाषणाचा मजकूर. बोलण्यातला ओघ शक्यतो तसाच ठेवला आहे.)

मैत्रिणींनो, आणि मागे उभ्या असलेल्या भावांनो,

सकाळी गटागटानं बसलो होतो तेव्हा एक शब्द सारखा कानावर येत होता. अर्ज. निराधारचा अर्ज, घरकुलाचा अर्ज, सातबारावर नाव लावायचा अर्ज, दारूच्या दुकानाविरुद्धचा अर्ज. आणि जिच्या तिच्या बोलण्याचा शेवट एकच : अर्ज देऊन देऊन थकलो, बाई. एक आजी तर म्हणाल्या की सरकारपुढे पदर पसरायची लाज वाटते. आज मला बोलायचं आहे ते या पदर पसरण्याबद्दलच. अर्ज करणं म्हणजे भीक मागणं असं आपल्याला का वाटतं, आणि ते तसं कधी नव्हतं, किंवा कधी तसं राहिलं नाही, याबद्दल.

आधी जरा लांबची गोष्ट सांगते. इंग्लंडच्या शेजारी आयर्लंड नावाचं बेट आहे. तिथेही इंग्रजांचंच राज्य होतं. १८०१ पासून तर त्यांची स्वतःची पार्लमेंटसुद्धा उरली नाही, कारभार डब्लिनच्या किल्ल्यातून चालायचा. तिथल्या मुख्य सचिवाच्या कचेरीत १८१८ ते १८३३ या काळात आलेले कागद अजून जपून ठेवलेले आहेत. त्यांत मोठ्या लोकांची पत्रं आहेतच, पण साध्या माणसांचे अर्जही आहेत. आपल्याकडे गरीब माणूस भातावर जगतो तसा तिथला गरीब बटाट्यावर जगायचा. १८२१ ला बटाट्याचं पीक बुडालं आणि १८२२ मध्ये पश्चिमेकडच्या भागात उपासमार झाली. काम द्या, बियाणं द्या, खंड भरायला मुदत द्या, असे अर्ज लोक करायचे. तुरुंगातल्या माणसांचे आणि त्यांच्या घरच्यांचेही अर्ज यायचे.

या सगळ्यांत मला बायांचे अर्ज फार जवळचे वाटतात. त्या काळात चोरीसारख्या गुन्ह्यालाही सात वर्षं, चौदा वर्षं, नाहीतर जन्मभर ऑस्ट्रेलियाला पाठवायचे. आपल्याकडे काळं पाणी म्हणतो तसं. नवरा गेला की मागे बाई आणि लेकरं. ती बाई सरकारला लिहायची की माझ्या नवऱ्यानं गुन्हा केला असेल, शिक्षा त्याला झाली, पण उपाशी आम्ही मरतो आहोत. मलाही लेकरांसकट त्याच्याकडे पाठवून द्या, जहाजाचं भाडं सरकारनं द्यावं. विचार करा, जिनं तालुक्याचं गाव धड पाहिलं नसेल, ती पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला जायला निघाली होती. तिकडे नवऱ्याची वागणूक चांगली असली आणि त्यानंही मागणी केली तर काहींना सरकारी खर्चानं पाठवतही. पुष्कळ जणी मात्र मागेच राहिल्या.

आता यातली गोम लक्षात घ्या. आयर्लंडात गरिबांना मदत देण्याचा कायदा आला तो १८३८ साली. त्याआधी उपाशी माणसाचा सरकारवर कायद्यानं काही हक्कच नव्हता. म्हणून अर्ज कृपेचा. वाक्यावाक्याला लोटांगण. मी नम्र, मी गरीब, मी राजनिष्ठ, आपण दयाळू, मी आपल्या दीर्घायुष्यासाठी प्रार्थना करीन. हक्क नसला की भाषा अशी वाकते. त्या बाईचा कणा मोडलेला होता असं कोणी समजू नये. कृपा मिळवायची तर कृपेच्याच भाषेत लिहावं लागतं, हे तिला आणि तिचा अर्ज लिहून देणाऱ्याला पक्कं ठाऊक होतं.

राणीलासुद्धा हे चुकलं नाही बरं का. आपला भंडारा जिल्हा नागपूरच्या भोसल्यांच्या राज्यातला. ११ डिसेंबर १८५३ ला तिसरे रघुजी वारले, पोटी मुलगा नव्हता, आणि डलहौसीनं राज्य खालसा केलं. वाड्यातले हत्ती, घोडे, बैल लिलावात निघाले, जडजवाहीर कलकत्त्याला विकायला गेलं. तेव्हा बांकाबाई आणि इतर राण्यांनी काय केलं? अर्जच केले. गव्हर्नर जनरलला केले, वकील थेट लंडनला धाडले. राज्य मिळालं नाही. पण आपली राणी अर्जदार होती हे ऐकून त्या आजींची लाज थोडी कमी व्हावी.

बरं, अर्ज लिहितं कोण? तिकडे शाळामास्तर, पाद्री, नाहीतर पैसे घेऊन लिहिणारा. इकडे तहसील कचेरीबाहेर टेबल टाकून बसलेला अर्जनवीस. मी त्यांना वाईट म्हणणार नाही, त्यांच्यामुळे कितीतरी जणींचे कागद मार्गी लागलेत. पण एक गोष्ट मी वर्षानुवर्षं पाहत आले आहे. बाई सांगते, नवरा रोज पिऊन येतो, काठीनं मारतो, घरातलं धान परस्पर विकून टाकलं, दोन पोरी आहेत, मोठीची शाळा सुटली. आणि कागदावर काय उतरतं? ‘उपरोक्त विषयान्वये सविनय सादर करण्यात येते की, अर्जदार व तिचे पती यांचेत घरगुती कारणावरून वाद आहे.’ काठी गेली. धान गेलं. पोरीची शाळा गेली. उरला तो घरगुती वाद. साहेब वाचतो आणि म्हणतो, घरात मिटवा. त्याचं चुकलं असं तरी कसं म्हणायचं? त्याच्यापुढे तेवढंच आलं.

त्या आयरिश अर्जांत मात्र लिहिणाऱ्याच्या वळणदार वाक्यांतून अर्जदार बाईचं खरं बोलणं मधूनच डोकं वर काढतं. लेकरं किती, त्यांची वयं काय, खंड किती थकला, गाय केव्हा विकली. सरकारी दप्तरातून गरिबाचा इतिहास आज वाचता येतो तो अशा तपशिलांमुळे. म्हणून मी म्हणते, अंगठा उठवायच्या आधी अर्ज वाचून घ्या. वाचता येत नसेल तर नातीकडून मोठ्यानं वाचून घ्या. ‘काठीनं मारतो’ असं तुम्ही बोलला असाल तर कागदावर काठी दिसली पाहिजे. तारीख दिसली पाहिजे.

आता आपल्या मुलखाकडे येऊ. १८७६-७७ चा दुष्काळ दख्खनमध्ये मोठा पडला. सरकारनं खडी फोडायची, बांध घालायची कामं काढली, आणि मग मजुरी कमी करून एक पौंड धान्याच्या मापावर आणली. लोकांनी काय केलं असेल? पुण्याची सार्वजनिक सभा सरकारला निवेदनावर निवेदन लिहीत होती, आणि इकडे कामावरचे उपाशी लोक, बाया-माणसं, कामं सोडून चालू लागले. हजारोंनी. एवढ्यात पोट भरत नाही, हा त्यांचा अर्ज त्यांनी पायांनी लिहिला असं म्हणा ना.

मग हळूहळू अर्जावरच्या सह्या वाढायला लागल्या. सासवडला ५१ गावांतले महार जमले, आणि शिवराम जानबा कांबळे यांनी १९०३ साली १५८८ सह्यांचा अर्ज सरकारला पाठवला. शिक्षण द्या, पोलिसात आणि पलटणीत घ्या. सरकारनं मान्य केलं नाही. १९१० साली त्यांनी थेट विलायतेतल्या भारतमंत्र्यांना लिहिलं. महार रेजिमेंट उभी राहिली ती १९४१ साली. मधल्या काळात किती साहेबांनी ‘दप्तरी दाखल’ असा शेरा मारला असेल, ते तुम्हीच समजा.

मुंबईच्या गिरणी कामगारांची गोष्ट यापेक्षा लवकर फळली. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली सुमारे साडेपाच हजार सह्यांचं निवेदन केलं. रविवारची सुटी, दुपारची अर्धा तास विश्रांती, वेळेवर पगार. काही झालं नाही. २४ एप्रिल १८९० ला महालक्ष्मीच्या मैदानावर दहा हजार कामगार जमले, त्या सभेत दोन कामगार बायाही बोलल्या. इतिहासाच्या पुस्तकांत त्या ‘दोन स्त्रिया’ एवढ्याच येतात. या वेळी सह्या सतरा हजार होत्या. १० जूनला गिरणी मालकांनी आठवड्याची सुटी मान्य केली. त्या सुटीतला थोडा वाटा त्या दोघींच्या बोलण्याचा आहे, असं मी तरी धरून चालते.

नाव न लपवता लिहिणारी एक बाई मात्र मला माहीत आहे. शिवूबाई. देवाला सोडलेली मुरळी होती. १९०८ साली तिनं कांबळ्यांच्या ‘सोमवंशीय मित्र’ या पत्रात आपली कैफियत पत्र लिहून मांडली. सरकारला नाही, समाजाला लिहिलं. पुढच्या वर्षी गणपतराव गायकवाड या कार्यकर्त्यानं तिच्याशी लग्न केलं. लग्न झालं हे बरंच झालं, पण मला त्याहून मोठं वाटतं ते तिचं लिहिणं. तोवर मुरळीच्या दुःखाबद्दल पुरुष लिहीत होते.

आणि आता आपल्या नागपूरचं. २० जुलै १९४२. अखिल भारतीय दलित वर्ग महिला परिषद. अध्यक्ष अमरावतीच्या सुलोचनाबाई डोंगरे. वीस-पंचवीस हजार बाया. डॉ. बाबासाहेब आंबेडकर समोर. या बायांनी अर्ज केला नाही, ठराव केले. नवऱ्याला सोडायचा कायदेशीर हक्क पाहिजे. एकाला दोन बायका करायची चाल बंद करा. कामगार बाईला वर्षात २१ दिवस किरकोळ रजा, एक महिना हक्काची रजा, वीस वर्षं नोकरी झाल्यावर महिना निदान पंधरा रुपये पेन्शन. कौन्सिलांत बायांना राखीव जागा. कुठेही ‘कृपा व्हावी’ नाही. डब्लिनच्या किल्ल्याला लिहिणारी ती बाई आणि नागपूरच्या या बाया, यांच्यात सव्वाशे वर्षांहून थोडं कमी अंतर. तेवढ्या काळात पाठ ताठ झाली ती आपोआप नाही.

१९७२ च्या दुष्काळानंतर महाराष्ट्रात रोजगार हमी आली, १९७७ साली तिचा कायदा झाला. काम मागितलं आणि पंधरा दिवसांत दिलं नाही तर बेकारी भत्ता, बाईला आणि पुरुषाला सारखी मजुरी, असं त्यात लिहिलं गेलं. कामं काढून घेतली ती मोर्चे नेणाऱ्या बायांनी. तिथे अर्ज हा मागणीचा कागद झाला. त्यावर तारीख पडली की सरकारचे दिवस मोजायला सुरुवात व्हायची.

आपल्याच तालुक्यात बघा. गोसीखुर्द धरणाचं भूमिपूजन २२ एप्रिल १९८८ ला झालं. मोबदला खातेदाराच्या नावानं निघाला. खातेदार कोण? सासरा, नवरा, दीर. जिनं त्याच बांधीत जन्मभर रोवणी केली, निंदण केलं, तिचं नाव सातबारावर नाही म्हणून तिच्या हातात पैसा नाही. तो कुठे गेला हे तुम्ही मला सांगावं, मी तुम्हाला काय सांगणार! पुनर्वसनासाठी वर्षानुवर्षं निवेदनं, धरणं, मोर्चे झाले, २०१३ साली विशेष पॅकेज जाहीर झालं. या सगळ्या लढ्यात मोर्चाच्या पुढे बाया असत. कागदावर मात्र पुरुषांची नावं. म्हणून सातबारावर नाव लावायचा अर्ज आज द्या. जमीन बुडायला निघाल्यावर नको.

दारूच्या दुकानाचं सकाळी निघालं होतं. परवान्याचं दुकान बंद करायचं तर गावातल्या किंवा वॉर्डातल्या एकूण महिला मतदारांपैकी २५ टक्के जणींच्या सह्यांचं निवेदन लागतं. सह्यांची पडताळणी होते, मग मतदान. आडव्या बाटलीला एकूण महिला मतदारांच्या निम्म्याहून जास्त मतं पडली पाहिजेत. झालेल्या मतदानाच्या निम्मी नव्हेत, हे नीट ध्यानात ठेवा, कितीतरी गावं इथेच फसली. पडताळणीच्या दिवशी दुकानदाराची माणसं जीप घेऊन फिरतात, हेही तुम्हाला सांगायला नको. शेजारच्या चंद्रपूरच्या बाया २०१० च्या डिसेंबरात चिमूरहून नागपूरला अधिवेशनावर पायी आल्या होत्या. १ एप्रिल २०१५ ला त्या जिल्ह्यात बंदी लागली. २०२१ साली सरकारनं ती उठवली. तिथल्या बायांना पुन्हा लिहायला बसावं लागलं, काय करता.

शेवटी एक अगदी साधी गोष्ट. अर्ज दिला असं सांगणाऱ्या बायांना मी विचारते, पोच कुठे आहे? निम्म्या जणींकडे नसते. साहेबांच्या हातात दिला, म्हणतात. साहेबाच्या हातात देऊ नका. बारनिशीत द्या. दुसऱ्या प्रतीवर शिक्का, सही, तारीख, आवक क्रमांक घ्या. ती प्रत पत्र्याच्या पेटीत ठेवा, रेशनकार्डाच्या बरोबर. महिनाभरानं तो क्रमांक घेऊन जा, एकटी जाऊ नका, तिघी-चौघी जा. उत्तर नाही मिळालं तर माहितीच्या अधिकारात विचारा की माझ्या अमुक क्रमांकाच्या अर्जावर कोणी, केव्हा, काय शेरा मारला. तो कायदा २००५ चा आहे. आयर्लंडातल्या त्या बाईला आपल्या अर्जाच्या पाठीवर काय लिहिलं गेलं ते कधी कळलं नसेल. तुम्हाला ते मागून घेता येतं.

आता चहा येतो आहे. ज्यांचे निराधारचे अर्ज अडलेत त्यांनी कागद घेऊन इकडे उजव्या हाताला बसा. सातबारावाल्या तिकडे, त्या निंबाखाली. शिकलेल्या पोरींनी कोरे कागद आणलेत. मावशी, काकू ज्या शब्दांत सांगतील त्याच शब्दांत लिहा गं, ‘उपरोक्त विषयान्वये’ काही घालू नका.