परमुलखातील पत

१९५५ च्या भारत-सोव्हिएत करारानंतर भिलाईचा पोलाद कारखाना उभा राहिला आणि कुरुदच्या आसपास परगावची माणसे वसू लागली. अशा माणसाची पत गावीच राहते. नवा दुकानदार उधारी देतो ती ओळखीच्या जामिनावर. आज भिलाईहून अमेरिकेस जाणाऱ्याचीही तीच अवस्था. येथील पतनोंद तेथे सहसा विचारात घेतली जात नाही. तेथे जामीन राहते ती अनामत रक्कम. ती बँकेत ठेवून कार्ड घ्यावे, बेताने खर्च करावा, मुदतीत संपूर्ण फेड करावी. साधारणतः सहा महिन्यांनी पतगुणांक तयार होतो. महिनाभर थकलेल्या हप्त्याची नोंद मात्र सात वर्षांपर्यंत राहू शकते. कोरी वही हा कलंक नव्हे. तिच्यातील पहिल्या नोंदी मात्र जपून व्हाव्यात.