पाचशे मैलांची तक्रार



ऑगस्टच्या अखेरीस अमेरिकेतल्या विद्यापीठांत नवी मुलं दाखल होतात. त्यांत आपल्या पुण्या-नाशिकची, कोल्हापूरचीही असतात. पहिल्या आठवड्यात त्यांचे घरी जे फोन येतात, त्यांत जेवणाखालोखाल एकच तक्रार असते: इथं नेट धड चालत नाही. आईवडिलांना याचं नवल वाटतं. इंटरनेटचा पाया तर तिथल्याच विद्यापीठांत घातला गेला. २९ ऑक्टोबर १९६९ रोजी लॉस एंजेलिसच्या विद्यापीठातून स्टॅनफर्डच्या संशोधन संस्थेकडे पहिला संदेश निघाला. मात्र त्याची दोनच अक्षरं पोचली आणि यंत्रणा बसली. म्हणजे नेट बंद पडण्याची परंपराही तेवढीच जुनी आहे.

मी अमेरिकेतल्या एका विद्यापीठात बरीच वर्षं शिकवते आहे. नेट बंद पडतं याचा मला राग येत नाही. राग येतो तो तक्रारीची दाद न लागण्याचा. तुम्ही हेल्पडेस्कला कळवता. तुम्हाला तिकीट क्रमांक मिळतो. मग उत्तर येतं, कॉम्प्युटर बंद करून पुन्हा सुरू करा. ते तुम्ही आधीच केलेलं असतं, तसं लिहिलेलंही असतं. पुढे वायफायवाले म्हणतात हे खात्यांच्या पासवर्डचं काम, पासवर्डवाले म्हणतात हे वायफायचं. अशी टोलवाटोलवी होते आणि एका सकाळी मेल येते: आपली समस्या सुटली आहे, तिकीट बंद करत आहोत. ती मेल आपण वाचतो मोबाइलच्या डेटावर, कारण लॅपटॉपवर अजून चक्र फिरतच असतं.

आयटी विभागाच्या अडचणी मला ठाऊक आहेत. वसतिगृहाच्या एकेका मजल्यावर शेकडो उपकरणं असतात. वायफायच्या जुन्या २.४ गिगाहर्ट्झ पट्ट्यात एकमेकांवर न चढणारे मार्ग तीनच, आणि मायक्रोवेव्ह ओव्हनही त्याच पट्ट्यात गडबड करतो. त्यात एखादा मुलगा घरचा राउटर आणतो. त्याची तार भलत्या छिद्रात खोचली, तर तो राउटर शेजारपाजारच्या लॅपटॉपना चुकीचे पत्ते वाटू लागतो आणि सगळ्या मजल्याचं नेट जातं. लॅपटॉप नाव-पासवर्ड देऊन आत शिरतो, पण पुष्कळ प्रिंटरना आणि खेळाच्या यंत्रांना ते जमत नाही. त्यांची वेगळी नोंदणी करावी लागते. नव्या मुलाला हे कोण सांगणार?

कधी तर दोष विभागाचा नसतोच. न्यू जर्सीतल्या रटगर्स विद्यापीठाच्या आसपास, एडिसन, पिस्कॅटवे भागात, मराठी घरं पुष्कळ आहेत. तिथल्या मुलांना आठवत असेल, नोव्हेंबर २०१४ पासून विद्यापीठाचं नेटवर्क पुन्हा पुन्हा कोलमडायचं. पहिला मोठा हल्ला झाला तो पहिल्या वर्षाच्या मुलांची विषयनोंदणी सुरू होण्याच्या रात्री. ज्या सर्व्हरमधून लॉगिन करून मुलं गृहपाठ पाठवत, तोच खोट्या मागण्यांच्या माऱ्याखाली बसायचा. विभाग शिव्या खात राहिला. हल्ले करणारा निघाला रटगर्सचाच एक विद्यार्थी. पुढे साऱ्या जगात धुमाकूळ घालणाऱ्या ‘मिराई’ या प्रोग्रॅमच्या कर्त्यांपैकी तो एक. न्यायालयानं २०१८ साली त्याला सहा महिने घरातच स्थानबद्धता, २५०० तास समाजसेवा आणि ८६ लाख डॉलर भरपाई अशी शिक्षा ठोठावली.

एवढं मान्य करूनही माझं म्हणणं कायम आहे: तक्रार घेऊन आलेल्या माणसाला खुळ्यात काढू नका. यासाठी मी नेहमी एक हकीकत सांगते. ट्रे हॅरिस हे नॉर्थ कॅरोलायनातल्या विद्यापीठाची ईमेल सांभाळत. गोष्ट १९९० च्या दशकातल्या मधल्या वर्षांची, त्यांनी ती लिहिली २००२ साली. रंगतीसाठी काही तपशील बदलले आहेत, हे त्यांनीच सांगून ठेवलं आहे. त्यांना संख्याशास्त्र विभागाच्या प्रमुखांचा फोन आला: आमच्या विभागातून पाचशे मैलांपलीकडे ईमेल जात नाही.

विचार करा. मुंबईहून टाकलेलं पत्र नागपूरला मिळतं, रायपूरला मिळत नाही, असं कुणी ईमेलबद्दल सांगू लागलं तर? ईमेलला अंतर कळत नाही, हे तर कुणीही सांगेल. पण प्रमुख संख्याशास्त्रज्ञ होते. ते काही दिवस थांबले होते, विभागातल्या भूसंख्याशास्त्रज्ञांकडून नकाशा करवून घेतला होता, आणि मगच त्यांनी फोन केला होता. पाचशेच्या थोडं पलीकडेही मेल जाते, हेसुद्धा त्यांनी नोंदवलं होतं.

हॅरिस यांनी त्यांची बोळवण केली नाही. त्यांनी त्या विभागाच्या सर्व्हरवर जाऊन एकेका गावी मेल पाठवून पाहिली. रिचमंड, अटलांटा, वॉशिंग्टन: पोचली. चारशे मैलांवरचं प्रिन्स्टन: पोचली. सहाशेवरचं मेम्फिस: नाही. बॉस्टन नाही, डेट्रॉइट नाही. ४२० मैलांवर न्यू यॉर्क आहे, तिथं गेली. ५८० मैलांवरच्या प्रॉव्हिडन्सला नाही. तक्रार शब्दशः खरी होती!

कारण असं निघालं. एक सल्लागार येऊन सर्व्हर अद्ययावत करून गेला होता. त्या खटाटोपात ‘सेंडमेल’ या टपालाच्या प्रोग्रॅमची आवृत्ती जुनी बसली आणि सूचनांची फाईल मात्र नव्या आवृत्तीची राहिली. जुन्या प्रोग्रॅमला नव्या सूचना कळेनात. पलीकडच्या उत्तराची वाट किती वेळ पाहायची, तो आकडा शून्य झाला. प्रत्यक्षात त्या यंत्रावर शून्य म्हणजे सुमारे तीन मिलिसेकंद. तेवढ्यात प्रकाश जातो साधारण ५५८ मैल, म्हणजे ९०० किलोमीटर. त्यापलीकडच्या सर्व्हरचं उत्तर यायच्या आतच सेंडमेल जोडणी तोडून टाकायचा. हिशेब ढोबळ आहे, जाणकारांनी त्यावर वादही घातला आहे. पण दोष सापडला तो प्रमुखांनी ठेवलेल्या नोंदीमुळे, आणि ती नोंद कुणीतरी ऐकून घेतली म्हणून.

तक्रारदार होण्याची वेळ कधी आयटीवाल्यांवरही येते. मे २००३ मध्ये विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या मॅडिसन इथल्या, जगाला अचूक वेळ सांगणाऱ्या सर्व्हरवर मागण्यांचा लोंढा सुरू झाला. तिथले डेव्ह प्लोंका शोध घेत गेले आणि उगम सापडला घरोघरच्या नेटगिअर राउटरमध्ये. कंपनीनं विद्यापीठाच्या सर्व्हरचा पत्ता राउटरच्या पोटातच घालून ठेवला होता, आणि उत्तर मिळालं नाही की ते यंत्र दर सेकंदाला पुन्हा विचारायचं. अशी यंत्रं सात लाखांच्या घरात होती. जूनमध्ये सेकंदाला अडीच लाख मागण्या येत होत्या. मग विद्यापीठाचे तंत्रज्ञ कंपनीच्या दारात तक्रारदार म्हणून उभे राहिले. त्यांनी पुरावा इतका चोख मांडला होता की कंपनीला दोष कबूल करावा लागला, आणि पुढे तिनं विद्यापीठाच्या आयटी विभागाला पावणेचार लाख डॉलर देणगी दिली.

म्हणून परदेशी शिकणाऱ्या मुलांना माझी विनंती आहे. ‘नेट स्लो आहे’ एवढ्यावर थांबू नका. रात्री किती वाजता, कुठल्या खोलीत, कुठल्या यंत्रावर, खिडकीशी चालतं की दाराशी, शेजारच्याचं चालतं का, हे चार दिवस लिहून ठेवा आणि तो कागद घेऊन हेल्पडेस्कच्या खिडकीशी स्वतः जा. आणि त्या खिडकीपलीकडे आज पुष्कळदा आपलीच मराठी मुलं-मुली शिकता शिकता नोकरी करत असतात. त्यांनाही सांगते, बाळांनो, समोरच्याला विचारल्याशिवाय तिकीट बंद करू नका.